सूर्य न मावळणाऱ्या गावचा उन्हाळा

वडनेर भोलजीत एप्रिल लागला की कोकिळाबाईंची गच्ची त्यांची एकटीची राहत नाही. ती सगळ्या गल्लीची होते. कठड्याच्या कडेनं शेजारणींचे ज्वारीचे पापड, टाकीच्या अंगानं शेवया आणि सांडगे, आणि बरोबर मध्यभागी, जिथं सकाळपासून दिवेलागणीपर्यंत कशाचीच सावली पडत नाही, तिथं खुद्द कोकिळाबाईंच्या कुरड्या. पांढऱ्याशुभ्र, जाळीदार, सगळ्या एका मापाच्या. पारा शेहेचाळीसवर गेला की गाव हाय हाय करतं. कोकिळाबाई मात्र पदर डोक्यावर घेऊन आभाळाकडे बघतात आणि मान डोलावतात, सून मनासारखी निघाल्यावर सासू डोलावते तशी.

उन्हाळा म्हणजे ऊन, यात कोकिळाबाईंना कधी शंका आली नव्हती. ती यायला त्यांना नॉर्वेला जावं लागलं.

त्याचं असं झालं. त्यांची लेक पूनम आणि जावई हर्षल नॉर्वेच्या अगदी वरच्या टोकाला, समुद्रकाठच्या एका गावात राहतात. हर्षल समुद्राचं तापमान मोजतो. एवढं शिकून माणूस पाण्यात थर्मामीटर घालत बसतो याचं कोकिळाबाईंना नवल वाटे, पण जावई म्हणून त्या बोलत नसत. पूनमला दिवस गेले, जूनमधली तारीख मिळाली आणि बाळंतपणाला आईनं यायचं ठरलं. फोनवर पूनम म्हणाली, "आई, बरोब्बर उन्हाळ्यात येऊन राह्यली तू. इथं आता दोन महिने सूर्य मावळतच नाही."

हे वाक्य कोकिळाबाईंनी पदराच्या गाठीला बांधलं.

त्यांच्या माहेराहून चालत आलेली एक रीत आहे. बारशाच्या दिवशी बाळंतिणीच्या ताटात तिच्या आईच्या हातची कुरडई पाहिजेच. श्रीखंड नसलं तर चालेल, पुरी वातड निघाली तर लोक पोटात घालतील, पण कुरडई नसेल तर ते ताट पाहुणीचं, लेकीचं नव्हे. कोकिळाबाईंच्या आईनं त्यांच्या ताटात वाढली होती आणि आईच्या आईनं आईच्या. आता पूनमची पाळी.

निघायच्या आदल्या दिवशी सामान बांधताना त्यांचे यजमान कडूबा म्हणाले, "व पूनमची माय, कुरड्याचे दोन डबे घेऊन जाय ना इथून. भरल्या कोठीत पडून हायेत."

"तुमाले काही समजते का?" कोकिळाबाई डिंकाचे लाडू दाबून बसवत म्हणाल्या. "पूनम म्हणते तिथं दिवस मावळतच नाही. चोवीस तास ऊन! आपल्या इथं तीन दिवस लागतात, तिथं एका दिवसात खडखड वाजतीन. अन् विमानात चुरा होते तो वेगळाच. मी तिथं ताज्या करतो."

कडूबांनी बॅगेचं झाकण दाबून धरलं. लग्नाला पस्तीस वर्षं झालेला माणूस कुठं गप्प बसायचं ते जाणतो. डब्यांच्या जागी पितळी सोऱ्या गेला, आणि बाळंतशेपा, खारका, ओवा, दोन गोधड्या.

विमानातून उतरल्यावर कोकिळाबाईंच्या अंगावर पहिल्यांदा जो आला तो पाऊस होता, आणि तो वरून आला नाही, बाजूनं आला. वडनेरचा पाऊस घराचा पाहुणा असल्यासारखा सरळ येतो. हा चोरासारखा कानामागून, बाहीतून, पदराखालून घुसत होता. छत्री उघडली तर ती उलटी होऊन कमळासारखी फुलली. समोरच्या डोंगरांवर बर्फ होता. जूनमध्ये बर्फ! आणि त्या बर्फाखाली एक बाप्या अर्धी चड्डी घालून आइस्क्रीम खात उभा होता.

"याले काय झालं?" कोकिळाबाईंनी घाबरून विचारलं.

"काही नाही आई, उन्हाळा आहे ना," न्यायला आलेला हर्षल म्हणाला. "काल नऊ डिग्री होतं, आज अकरा आहे. सुधारतंय."

अकरा! वडनेरात अकरा झालं की शेकोट्या पेटतात आणि माणसं नाकापर्यंत मफलर गुंडाळून एकमेकांना ओळखेनाशी होतात. आणि हा जावई शिकलासवरला असून याला उन्हाळा म्हणतो! जावयापुढं बोलायचं नसतं. पण घरी पोचल्यावर लेक होती.

"काय व पूनम, असा असते का उन्हाळा? कुठं हाय तो तुमचा न मावळणारा सूर्य?"

"आहे ना आई. खरंच मावळत नाही. ढगाच्या मागं आहे."

"मागं असून काय करू? मागं तर तुये बाबाही असतात, कामाले येतात का?"

पूनम पोट धरून हसली, आणि पोटही धरण्यासारखं होतंच. आठवड्याभरात तिला मुलगी झाली. गोरी, काळ्याभोर जावळाची, नाक थेट कडूबांचं. कोकिळाबाईंनी दृष्ट काढली, डोळे पुसले आणि त्याच दिवशी गहू भिजत घातले.

इथून पुढं त्यांची त्या देशाच्या हवामानाशी जी लढाई झाली तिला तोड नाही.

गहू आधी आंबायलाच तयार होईनात. वडनेरात तिसऱ्या दिवशी गव्हाला वास सुटतो, दाणा चिमटीत दाबला की दूध बाहेर येतं. इथं तिसऱ्या दिवशी गहू भिजत घातल्या दिवसासारखेच टणक, थंडगार आणि निर्विकार. "गव्हालेही थंडी वाजून राह्यली," म्हणत कोकिळाबाईंनी पातेल्याला गोधडी गुंडाळली आणि ते चुलीशेजारी ठेवलं. चूल म्हणजे काचेची, तिच्यातून जाळ दिसतसुद्धा नाही. ज्या देशात जाळ दिसत नाही आणि सूर्य दिसत नाही तिथली माणसं अर्ध्या चड्डीत फिरणार नाहीत तर काय!

शेजारच्या घराच्या ओट्यावर तर एक बाळ ढकलगाडीत झोपलेलं असायचं. बाहेर! भुरभुर पाऊस, वारा, आणि बाळ बाहेर! आई घरात चहा पीत बसलेली. कोकिळाबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या बाळाला उचलून आणायलाच निघाल्या होत्या.

"आई, इथं तशीच पद्धत आहे," पूनमनं हात धरून थांबवलं. "मोकळ्या हवेत बाळं चांगली झोपतात म्हणतात."

"झोपत नाही व ते, गारठून राह्यलं! आपल्याकडं बाळंतिणीच्या खोलीची खिडकी उघडली तर सासू घर डोक्यावर घेते. अन् हे लोक लेकराले वाळत घालून राह्यले पावसात!" मग एक क्षण थांबून त्या म्हणाल्या, "याहीले काय कुठं वाळवायचं तेच समजत नाही."

शेवटी गहू आंबले. वाटले, गाळले, चीक खाली बसला, वरचं पाणी ओतलं. चीक शिजवताना घरभर जो वास सुटला त्यानं पूनमच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटीभर गरम चीक तेल-मीठ घालून दिला, तेव्हा तिनं वाटी चाटली. जावयानंही चाटली. इथपर्यंत सगळं वडनेरसारखं झालं. मग कोकिळाबाई सोऱ्या घेऊन बाल्कनीत गेल्या.

प्लास्टिक अंथरलं तर ते वाऱ्यानं उठून कोकिळाबाईंना लग्नातल्या शेल्यासारखं बिलगलं. चार कोपऱ्यांवर चार पातेली ठेवली. वीसेक कुरड्या पाडल्या असतील, तोवर पाऊस. प्लास्टिकसकट आत. पाऊस थांबला, पुन्हा बाहेर. पुन्हा पाऊस. मधेच एक पांढरा समुद्रपक्षी, आकारानं कोंबड्याएवढा, आला आणि एक ओली कुरडई तोंडात घेऊन रुबाबात उडून गेला. वडनेरचा कावळा चोरी करतो, पण निदान घाबरतो तरी. जेवणं झाल्यावर, जगात सगळीकडे रात्र असते अशा वेळी, ढग फाटून लख्ख ऊन पडलं. कोकिळाबाई हातचं ताट टाकून धावल्या. शेवटची कुरडई मांडून कंबर सरळ केली आणि ऊन गेलं.

"चावट आहे चावट!" त्या आभाळाकडे बघून ओरडल्या. "झोपायच्या वेळेले येते अन् कामाच्या वेळेले तोंड लपवते!"

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुरड्या जशाच्या तशा ओल्या होत्या. बोट लावलं की चिकटत. कोकिळाबाईंनी एक उचलून नाकाशी नेली. आंबूस. आणखी एक रात्र अशीच गेली तर सगळं फेकावं लागणार होतं. बारसं तीन दिवसांवर. पुन्हा गहू भिजवायला, त्या थंडगार गव्हाची मनधरणी करायला वेळ नव्हता. वडनेरात दोन डबे भरून पडले होते, आणि लेकीचं ताट रिकामं जाणार होतं. कोकिळाबाई जमिनीवर बसल्या.

हर्षल थोडा वेळ दारात घुटमळला. "आई, एक जागा आहे. रात्रंदिवस गरम असते. पण तुम्हाला आवडणार नाही."

"कोणती?"

"बाथरूम. तिथल्या फरशीखाली विजेच्या तारा आहेत, फरशी कायम गरम राहते. इथले लोक ओले कपडे, बूट तिथंच वाळवतात."

कोकिळाबाई जावयाशी वर मान करून बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या.

"संडासात?"

"संडास नाही आई, बाथरूम."

"त्यात कमोड हाय का नाही?"

"आहे."

"मंग संडास हाय!" त्या उठून उभ्या राहिल्या. "जावईबापू, अन्न हाय ते. बारशाचं अन्न. माह्या मायनं ऐकलं असतं तर..." पुढचं वाक्य त्यांना सुचेना. त्या देशाला, त्याच्या आभाळाला, त्याच्या अर्ध्या चड्ड्यांना आणि जमिनीत ऊन पुरून ठेवणाऱ्या त्याच्या अकलेला एकदम पुरेल असा शब्द वऱ्हाडीतसुद्धा नव्हता.

त्यांनी तावातावानं बाथरूमचं दार उघडलं, नुसतं बघायला. खाली वाकून फरशीला तळहात लावला. मग दुसरा लावला. वडनेरच्या गच्चीवर सकाळी नवाच्या सुमारास लागते तशी ऊब होती. त्या वाकलेल्याच राहिल्या. आतल्या खोलीत पूनम बाळाला दूध पाजत काहीतरी गुणगुणत होती.

"दुसरं शौचालय हाय ना खाली?" फरशीकडेच बघत त्यांनी विचारलं.

"आहे."

"मंग दोन दिवस इकडं कोणी पाय ठेवायचा नाही. आंघोळी बंद."

फरशी कढत पाण्यानं धुतली, पुसली, पुन्हा धुतली, हळदीचं पाणी शिंपडलं. कमोडवर कोरी चादर घालून ती खाली दोरीनं आवळून बांधली, एखाद्या गुन्हेगाराला बांधावं तशी. हर्षलच्या सगळ्या बाटल्या बाहेर काढल्या. मग त्यांनी प्लास्टिक अंथरलं आणि एकेक कुरडई हलक्या हातानं मांडली. आयुष्यात ज्यांची एक दिवस आंघोळ चुकली नव्हती त्या कोकिळाबाई दोन दिवस हातपाय धुऊन राहिल्या. नातीची आंघोळ स्वयंपाकघरात, घमेल्यात झाली. बाहेर वारा दारं वाजवत होता, आणि आत त्या तासातासानं जाऊन कुरड्या उलटत होत्या, पुटपुटत, "काय दिवस आले, काय दिवस आले."

बारशाच्या सकाळी त्यांनी एक कुरडई उचलून हलवली. खडखड वाजली.

बाळाचं नाव आरोही ठेवलं. कडूबांनी वडनेरहून फोनवर नाव ऐकलं, नातीचं नाक पाहिलं, खूश झाले आणि विचारलं, "कुरड्याचं जमलं का? पडलं का मंग ऊन?"

"पडलं," कोकिळाबाई म्हणाल्या. "इकडचं ऊन वरतून नाही, खालतून येते."

"आं?"

"तुमाले नाही समजायचं. ठेवा."

तेल तापलं. कुरडई टाकली आणि ती ताटाएवढी फुलली. पूनमनं ताटावर बसून आशेनं हात पुढं केला. पण जिच्याबद्दल आपल्याच मनात किंतु आहे ती लेकीच्या ताटात कशी वाढायची? कोकिळाबाईंनी आधी एक तुकडा मोडला, डोळे मिटले, आईची मनोमन माफी मागितली आणि तो तोंडात टाकला.

कुरकुरीत होती. तोंडात ठेवताच विरघळली. आंबटपणाचा मागमूस नव्हता, आणि रंग तर वडनेरच्या उन्हातल्यापेक्षाही पांढरा आला होता.

कोकिळाबाईंनी लेकीच्या ताटात दोन कुरड्या वाढल्या आणि खिडकीबाहेरच्या पावसाकडे रागानं पाहिलं. फसल्या असत्या तर या देशाला नावं तरी ठेवता आली असती.