रमिलाबाईचा नकाराचा अर्ज

आजवर हे कुणापुढे माझ्या तोंडून निघालेलं नाही — मीच निघू दिलेलं नाही. आज सांगतोय तेही चिडूनच. आणि आधीच बजावतो, पहिले चार शब्द सरकारवर जातील. ती माझी जुनी खोड.

तळोद्यात माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. दाखले, उतारे, आयकराची विवरणपत्रं. बायकांच्या खात्यात दरमहा सरकारी पैसे यायला लागले तेव्हा दारात चपलांचा ढीग पडायचा. अट अशी, की घरात आयकर भरणारा कुणी नको. पण आयकर भरणारा म्हणजे कोण? विवरणपत्र भरलं की झाला का? कर कापला गेला आणि परत मिळाला, तर तो कशात धरायचा? एका कचेरीत एक सांगायचे, दुसरीत भलतंच, आणि मोबाइलवर तिसरंच फिरत असायचं. माणसाच्या हातावर पैसे ठेवायचे आणि वर त्याला धाकात ठेवायचं — ही कुठली रीत? आजही माझं डोकं सणकतं.

पण सरकारवर सणकायला काय लागतं? माझं खरं दुखणं निराळं आहे. "मला माहीत नाही" — हे तीन शब्द त्या खुर्चीवर बसून मी कधी उच्चारलेच नाहीत.

रमिलाबाई धडगावच्या वाटेवरच्या एका पाड्यातली. तिचा नवरा दिलवर ऊसतोडीच्या लहानशा टोळीचा मुकादम — म्हणायला मुकादम, कोयता तोही चालवतो. टोळीतल्या सगळ्यांची मजुरी गुजरातचा ठेकेदार त्याच्या एकट्याच्या खात्यात टाकायचा आणि मग ती पाड्यात वाटली जायची. कागदावर मात्र सगळी कमाई दिलवरचीच दिसली आणि तिच्यावर कर कापला गेला. विवरणपत्र भरून, त्याचा वाटा वेगळा दाखवून, तो कर मीच परत मिळवून दिला होता.

म्हणून ती माझ्याकडेच विचारायला आली. तिचे हप्ते सुरू झाले होते आणि त्या जोरावर तिने ठरवलं होतं, की यंदा दिलवर एकटा जाईल, ती पाड्यातच राहील. म्हणजे धाकट्यांना सांभाळायला थोरल्या सुनिताला टोळीबरोबर न्यावं लागणार नाही. सुनिताचं दहावीचं वर्ष होतं. रमिलाबाईला एवढंच हवं होतं, की नवऱ्याच्या त्या कागदामुळे आपल्या पैशांना बाधा येणार नाही ना, ते कुणीतरी खात्रीने सांगावं.

मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. पण दुकानात पाच-सहा जण कान देऊन उभे होते. कपाळाला आठ्या घालून मी म्हणालो, "तुन्हा घरमा कर कापायेल शे. सरकार दंडसकट वापस मांगी. आत्तेच लिखी दे, माले नको म्हनीसन."

डोंगरातली माणसं सगळ्यांनाच 'तू' म्हणतात. ती म्हणाली, "भाऊ, तू शिकेल शे. तू सांगशी तसं करसू."

हे पैसे मला नकोत, असा अर्ज मीच लिहिला. तिने खाली सही केली. सही करायला तिला सुनितानेच शिकवलं होतं.

इथवर तुम्ही म्हणाल, अजाणतेपणी चूक झाली. थांबा — घाई करू नका.

आठ दिवसांनी दुसऱ्या कामासाठी नंदुरबारच्या एका सीएंना फोन केला, तेव्हा सहज हेही विचारलं. ते हसले. कापलेला कर सगळा परत आला, भरायचा कर शून्य, मग तो माणूस करदाता कसला? अर्ज पुढे गेला नसेल तर मागे घ्या, म्हणाले. त्याच दुपारी मी असे अर्ज जमा होतात त्या कार्यालयात होतो. तिचा अर्ज तिथेच, टेबलावरच्या गठ्ठ्यात. दिलवरचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये. काय अडलं होतं? काहीच नाही! फक्त त्या पाच-सहा जणांना कळलं असतं, की याला माहीत नव्हतं.

आणि त्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर मी काय केलं असेल? रमिलाबाईचं नाव घेऊन सरकारला शिव्या घातल्या. गरिबाच्या तोंडचा घास काढतात, म्हणालो. लोकांनी माना डोलावल्या. घास कुणी काढला होता? निर्लज्जपणालाही काही हद्द असते की नाही?

दिवाळीनंतर त्यांच्या घराला कडी लागली. धाकट्यांना घेऊन सुनिताही टोळीबरोबर गेली. परीक्षेला ती बसलीच नाही. पुढच्या वर्षीही नाही.

टोळी परतल्यावर, त्याच वैशाखात रमिलाबाई दुकानात आली. हातात आमचुराची पिशवी, तिने स्वतः वाळवलेल्या कैऱ्यांची. मी तिला दंडातून वाचवलं म्हणून ही भेट. पाड्यात सगळ्यांना ती माझं नाव सांगते म्हणे. तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? तोंड उघडलं मी — आणि विचारलं, यंदा आंबा कसा होता?

पिशवी घरी आणली. बायकोने त्यातलं चिमूटभर डाळीत घातलं, चव छान आली म्हणाली. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.