अणदूरचं तेल

आमच्याकडं खंडेनवमीला ट्रॅक्टर असा धुऊनपुसून काढतात की नवरदेवानं लाजावं. बॉनेटला झेंडूचा हार, चाकांना हळदकुंकू, पुढं नारळ. टाकीच्या आत मात्र कुणी कधी डोकावत नाही.

माझे वडील, अण्णा, अणदूरला ट्रॅक्टरच्या डिझेलात बायोडिझेल मिसळून वापरतात. हॉटेलांत वापरून झालेल्या तेलापासून ते तिथल्याच एका छोट्या कारखान्यात तयार होतं. माझ्याच आग्रहावरून त्यांनी एक कॅन तामलवाडीला, माझ्या सासरी आणून दिला. "जुना ट्रॅक्टर हाय, आधी टाकी धुऊन घ्या," असं त्यांनी बजावलंही. सासऱ्यांनी "व्हय, व्हय" म्हणून मान डोलावली आणि न धुताच तेल ओतलं.

दुसऱ्या दिवशी सोयाबीनची मळणी ऐन रंगात, आभाळ भरून आलेलं, आणि ट्रॅक्टर धापा टाकत बंद पडला. सोयाबीनचा ढीग उघड्यावर. कळताच वडील मोटारसायकल दामटत आले. त्यांना बसा म्हणायचं सोडून सासरे सगळ्या मजुरांदेखत गरजले, "पाव्हणं, भज्याचं तेल पाजून आमचं इंजन मारलं तुमी!"

वडील पाणीही न पिता परत गेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पदर खोचला आणि नवऱ्याला टाकी उतरवायला लावली. तळाशी हा एवढा काळा, चिकट गाळ! मी लग्न होऊन यायच्या आधीपासूनचा असावा. नव्या तेलानं तो सुटा केला आणि फिल्टर तुंबला, एवढंच झालं होतं. टाकी धुतली, फिल्टर बदलला, उरलेलं तेच तेल घातलं. पाऊस यायच्या आत मळणी उरकली.

"मामा, आता अण्णांना फोन करून सांगा, गाळ आपल्याच टाकीत हुता," मी सासऱ्यांना म्हणाले.

"झालं गेलं. कशाला उकरती?"

वा रे वा! अपमान चारचौघांत, आणि चूक कबूल करायला साधा फोनही जड. माझा बाप काय रस्त्यावर पडलाय?

ट्रॅक्टर आजही त्याच तेलावर चालतो. कॅन संपला की सासरे मला म्हणतात, "अणदूरला फोन लाव की." परवा मी फोन लावला आणि मोबाईल सरळ त्यांच्याच हातात दिला. ते घसा खाकरत म्हणाले, "पाव्हणं, दोन कॅन पाठवा. ठिवतो."

"अण्णा, ठेवू नका," मी मोठ्यानं म्हणाले. "मामांचं अजून बोलून झालं न्हाय."