शामकलाबाईचा ठेला उलटा झाला

दवनीवाड्याच्या चौकात शामकलाबाईच्या पानठेल्याला कुणी टेकत नसे. गावाला ते ठाऊक होतं. पाहुण्यांना कोण सांगणार? गेल्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, कुणाचा तरी जावई पांढराशुभ्र सदरा घालून आला, पानाची वाट पाहत निवांत टेकला आणि पाठीवर पोपटी पट्टा घेऊन नाटकाला जाऊन बसला. मागच्या लोकांनी नाटक कमी आणि जावई जास्त पाहिला.

दुसऱ्या दिवशी शामकलाबाईचा मुलगा विक्की कमरेवर हात ठेवून ठेल्यासमोर उभा.

“माय, उन्हाळ्यात लावलेला रंग, दिवाळी झाली तरी चिकटून रायला. जिथं वाळला तिथं पापुद्रे निघून रायले. विकून टाक हे लाकूड. लोखंडी टपरी आणू.”

“लोखंडी? उन्हात शिजून निघन मी! तूच बस त्याच्यात. भजा होशील.”

“तू हरसाल रंगवते अन् हरसाल ते सोलते. आता शेवटचं. पुढच्या उन्हाळ्यात लाव, अन् त्या रंगानं पावसाळा काढला त ठेला राहू दे. एक जरी पापुद्रा निघाला, त टपरी.”

“चाल, मंजूर!”

म्हणाली आणि खाली पडलेला एक पापुद्रा तिने रुमालाच्या गाठीत बांधून ठेवला. सागाचा हा ठेला तिच्या नवऱ्याने, कवडूने, स्वतः ठोकला होता. दोन वर्षं बसला, कंटाळला आणि परत धानाच्या बांधीत शेती करायला गेला. जाताना म्हणाला, “दोन दिवस बस जरा.” शामकलाबाई बसली ती बसलीच. विक्की याच ठेल्याखाली सावलीला झोपून मोठा झाला. कुणाच्या घरी भांडण झालंय, हे तिला गिऱ्हाईक किती चुना मागतं त्यावरून कळतं. कुठे काय ठेवलंय ते न बघता हाताला सापडतं. लोखंडी डब्यात बसून पान लावायचं, ही कल्पनाच तिला सोसत नव्हती.

उन्हाळा लागला तशी ती गोंदियाला गेली. रंगाच्या दुकानात मालक भैयाजींच्या पुढ्यात रुमालाची गाठ सोडून तिने पोपटी पापुद्रा ठेवला.

“भैयाजी, याच्याहून जास्त चमकवाला द्या. एकदम पक्का.”

“बाईजी, ये तो घर के अंदर का रंग है. बाहर की लकडी बारिश में फूलती है, धूप में सिकुडती है. कडक रंग टूटेगा ही. बाहरवाला अलग आता है, थोडा लचीला. लकडी के साथ खिंचता है.”

“चमकते का पण?”

“कम.”

“कम चमक अन् जास्त भाव! वा रे वा!”

“छोटा डिब्बा लो, पहले एक कोने में लगाके देखो. लकडी पे नीचे कुछ लगाया है क्या?”

“काई नाही. नुसतं लाकूड.”

ती खोटं बोलत नव्हती. दरवर्षी रंगाच्या आधी कवडू ठेल्याला बाहेरून जळकं ऑइल चोपडायचा, म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनातून काढलेलं काळं तेल. उधईने, वाळवीने, लाकूड पोखरू नये म्हणून गावात बैलबंडीपासून कुंपणाच्या खांबापर्यंत सगळ्याला तेच लावतात. ते ‘लावणं’ म्हणून मोजायचं असतं, हेच तिच्या ध्यानात आलं नाही.

गावात येऊन तिने ठेल्याचा बाहेरचा एक कोपरा खरवडला, नव्या डब्यातल्या रंगाने रंगवला आणि ब्रशवर उरलेला रंग फळीच्या आतल्या बाजूला पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोपऱ्याला बोट लावलं. चिकटलं. भैयाजींच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ती ठेला बंद करायला आत गेली, तर हात त्या आतल्या फटकाऱ्याला लागला. कोरडा! नख मारलं. निघेना.

डबा तोच, ब्रश तोच. पण आतून तिने कवडूला कधी ऑइल लावू दिलं नव्हतं. पानाला वास लागला असता.

कवडू शेतातून येताना दिसला, तशी ती रस्त्यावरच सुरू झाली.

“अवो, तुमच्या ऑइलनं माहा रंग खाल्ला!”

“उधई लागली का?”

“नाही.”

“मंग?”

“मंग काय मंग! तेलकट कपाळावर टिकली टिकते का?”

कवडूने तिच्या टिकलीकडे पाहिलं. “नाही टिकत.”

त्याने घासून पाहिलं. वरचं काळं गेलं, ऊन लागलं की आतलं वर यायचं. शेवटी शामकलाबाई म्हणाली, “फळ्या उलट्या करा.”

“कायले?”

“आतली बाजू बाहेर. ती कोरी आहे.”

विक्की आला तेव्हा ठेल्याचा नुसता सांगाडा उभा होता.

“माय, हा ठेला हाय का बनियान, उलटा करून घालून रायली?”

“तुले पापुद्रा पायजे ना? थांब!”

आतल्या बाजूला कवडूने आणि तिने वर्षानुवर्षं पुसलेली काथाची बोटं होती. ती पॉलिश पेपरने घासली, प्रायमर मारला, वर बाहेरच्या लाकडाचा रंग, दोनदा. पोपटी नाही, गेरूसारखा तांबडा. भैयाजी म्हणाले, हा उन्हात लवकर उडत नाही. शामकलाबाईचं कारण वेगळं होतं: “गिऱ्हाईक पान खाऊन कोठं पिचकारी मारल, काय भरोसा!” तेलकट बाजू आत गेली, पानाला वास लागू नये म्हणून तिच्यावर जुन्या नाटकाचा फ्लेक्स ठोकला. आता तिच्या डोक्यामागून मिशीवाला खलनायक गिऱ्हाइकांकडे डोळे वटारतो.

नवरात्राच्या तोंडावर पाऊस थांबला. विक्की मोटरसायकलची चावी घेऊन ठेल्याभोवती फिरू लागला. इथे नख, तिथे चावी. काही निघेना. मग तो खाली वाकला. नालीच्या, म्हणजे गटाराच्या, ओलीत उभ्या ठेल्याच्या पायांपाशी चावी घातली आणि तळहाताएवढा तांबडा पापुद्रा उचलून आणला.

शामकलाबाईचा अडकित्ता थांबला. पायांचे तळ जमिनीत, कोण बघणार म्हणून तिने तिथे न घासता, प्रायमर न मारता नुसता रंग फासला होता.

“निघाला,” ती म्हणाली. “बोली म्हणजे बोली. बोलाव तुया लोखंडवाल्याले.”

विक्कीने पापुद्रा बघितला, ठेला बघितला. कोरड्या, तांबड्या फळीवरून हात फिरवला. मग मोबाइल काढून लोखंडवाल्याला लावला.

“भोजराजभाऊ, विक्की बोलून रायलो. टपरी नोको. पाय पायजेत, चार, लोखंडी... माणसाचे नाही हो, ठेल्याचे! नालीच्या वर उचलाचा आहे.”

शामकलाबाईने सुपारी तोंडात टाकली आणि आतूनच ओरडली, “उंची मले इचारून घ्या म्हणा! बसल्या जागेवरून गिऱ्हाइकाचं तोंड दिसलं पायजे!”