दीवमध्ये दोन जावा आणि चार छोटे ग्लास

सुरतेत नवागामच्या आमच्या घरात दुपारी एक ते चार ही साड्यांची वेळ असायची. मार्केटमधून गठ्ठे यायचे आणि आम्ही दोघी जावा ओट्यावर बसून पदरांना टिकल्या चिकटवायचो. मी नुकतीच लग्न होऊन आलेली, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. निर्मलाताई माझ्या मोठ्या जाऊबाई, अमळनेरजवळच्या खेड्यातल्या. एका दुपारी मी शाळेच्या चॅपेलबद्दल सांगत होते. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मिस्सा असायची, फादर चकचकीत पेल्यातून वाइन प्यायचे आणि आम्ही मुली मागच्या बाकावरून बघायचो. ताईंनी डिंकाचं बोट फडक्याला पुसत विचारलं, "काय व शैला, ते गोड ऱ्हास का कडू?"

मला माहीत नव्हतं. "बघू कधीतरी," मी म्हणाले आणि पुढची साडी ओढली.

ते कधीतरी यायला छत्तीस वर्षं गेली. आता आमचे दोघींचेही यजमान नाहीत. यंदा ते घर विकलं. माझ्या किशोरने सुरतेतच पर्वत पाटिया भागात फ्लॅट घेतला, आणि ताईंचा योगेश त्यांना पुण्याला न्यायचं म्हणत होता. राहिली होती भांड्यांची वाटणी. आमच्यात मोठीने दोन वाटे करायचे आणि धाकटीने आधी उचलायचा, अशी रीत. ताईंनी एका दिवसात वाटे लावले. इतक्या झटपट, की मला वाटलं त्यांना जायची घाई झालीये. ते मला लागलं. मी आज उचलते, उद्या उचलते करत राहिले, आणि एका सकाळी म्हणाले, "ताई, आधी दीवला जाऊन येऊ."

सुरतहून दीवला रात्रीच्या बस आहेत, पण आमच्या पाठींना त्या झेपत नाहीत. आम्ही हजीऱ्याहून घोघ्याची फेरी बोट घेतली. गाडीसुद्धा पोटात घेणारी ही मोठी बोट आहे, आणि आखात ओलांडायला साधारण चार तास लागतात. तिकीट आधी ऑनलाइन काढा आणि निघायच्या तासभर आधी पोहोचा. डेकवर वारा फार असतो, कानाला रुमाल बांधा. शेजारच्या एका काकांनी आमच्या दोन पिशव्या बघून चौकशी केली, "बेन, दीव दर्शन करवा?"

"हा, गंगेश्वर," ताईंनी तत्काळ सांगितलं. मी समुद्राकडे तोंड फिरवलं.

घोघ्याहून आधी ठरवलेली टॅक्सी होती. तळाजा, महुवा, राजुला, उना. रस्ता बराच चांगला, मध्ये मध्ये काम चालू. पाच तास धरा. महुव्याला चहा आणि गाठिया. पूल ओलांडून बेटावर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. खोली गावात, जेट्टीपासून चालत जाण्यासारखी घेतली. अडीच हजार, नाश्त्यासह. खोली देणाऱ्या बाईने ओळखपत्रं मागितली तेव्हा ताईंनी आधार कार्डाबरोबर सवयीने रेशनकार्डही काढून ठेवलं. त्यावर अजून दोन्ही कुटुंबांची नावं एकत्र आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर किल्ला. नऊनंतर दगड तापतात. तटावर अजून तोफा आहेत, तीन बाजूंना पाणी आहे आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी कठडे फारसे नाहीत. मग सेंट पॉल चर्च. बाहेरून पांढरंशुभ्र, आत गडद लाकडाचं कोरीवकाम. मी बाकावर बसले आणि माझा हात आपोआप कपाळाकडे गेला, शाळेतल्यासारखा. ताई हात जोडून उभ्या होत्या. "इथंबी चपला बाहेर काढायला पाहिजे होत्या," त्या हळूच म्हणाल्या. त्यांनी काढल्या होत्या, मी नव्हत्या.

दुपारी गंगेश्वर. खडकात पाच शिवलिंगं आहेत आणि भरतीच्या लाटा त्यांच्यावरून जातात. भरतीची वेळ विचारून जा. पायऱ्या निसरड्या आहेत, म्हणून आम्ही एकमेकींचा दंड धरून उतरलो. काकांना सांगितलेलं खरं झालं.

संध्याकाळी जेट्टीजवळच्या एका हॉटेलात वाइन चाखायला मिळते. चार छोटे ग्लास, सोबत चीज आणि काजू. बायका एकट्या बसल्या तरी कोणी बघत नाही, हे मुद्दाम लिहिते. पहिली पांढरी होती, आंबट. दुसरी लाल, नाशिककडची. "म्हणजे आपल्याच बाजूची," म्हणत ताईंनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. तिसरी गुलाबी, पाणचट. चौथी पोर्ट वाइन, काळपट आणि गोड. ती त्यांनी जिभेवर बराच वेळ धरली.

"हाई ते खोकलानं औषध शे," त्या म्हणाल्या. मग उरलेलं संपवलं.

मीही संपवलं, आणि मग विचारायचं धाडस आलं. "ताई, वाटे एवढे झटपट का लावलेत?"

"एका वाट्यात सगळं चांगलं टाकलंय. पितळी घंगाळ, तांब्याचा हंडा, परात. तो तू उचल. मला पुण्यात दीड खोली, तिथं काय नाचवू?"

"तुम्हाला जायचंय ना पुण्याला?"

त्यांनी काजूची बशी सरळ केली. बराच वेळ. "माले कोनी इचारंच नही," त्या म्हणाल्या. "योगेशनं तिकीट काढलं. तू गप्प. मी म्हटलं, हिला सुनेबरोबर मोकळं ऱ्हायचं असंल. मोठीनं मागायचं नसतं."

मी दोन महिने त्यांच्यावर रुसले होते, आणि त्या माझ्यासाठी परात बाजूला काढत होत्या. छत्तीस वर्षं एका चुलीवर काढून आम्ही दोघींनी एकमेकींना एवढंसुद्धा विचारलं नव्हतं. ताईंनी आमच्याकडेच राहावं असं मनात आलं, पण घर किशोरचं आहे, सुनेला विचारायला हवं होतं. बाहेर येऊन तिला फोन लावला. ती म्हणाली, "आई, मी मोठ्या आईंचं नाव सोसायटीच्या फॉर्मवर आपल्यासोबत राहणाऱ्यांत टाकलंय. तुम्हीच काही बोलत नव्हता."

तिसऱ्या दिवशी परत. एक सूचना: दीवमधून बाटली आणू नका. गुजरातेत दारूबंदी आहे, चेकपोस्टवर पिशव्या उघडतात. आमच्या उघडल्या. आत नारळ आणि गंगेश्वरचा अंगारा.

घरी येऊन चार दिवस झाले. किल्ल्याचे फोटो बरे आलेत, पण मी ते अजून नीट पाहिले नाहीत. मनात राहिलंय ते ताईंचं बशी सरळ करणं. आधी उचलायचा मान माझा होता. मी दोन्ही वाटे उचलले. योगेश आणि किशोर हा ब्लॉग वाचतात, म्हणून इथंच लिहिते.

तांब्याचा हंडा योगेशच्या बायकोला. तिला तो आवडतो, ती मागणार नाही. ताईंच्या यजमानांचं, म्हणजे भाऊजींचं घड्याळ योगेशला. पितळी घंगाळ किशोरने बाल्कनीत ठेवावं, कुंडी करू नये. परात आणि बाकीची भांडी सुनेच्या स्वयंपाकघरात, कुठं ठेवायची ते ती ठरवेल. पुण्याचं तिकीट रद्द करू नये, फक्त परतीचंही काढावं, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधीचं. आणि नव्या फ्लॅटमधल्या आतल्या खोलीची किल्ली निर्मलाताईंना. ती पाहुण्यांसाठी ठेवली होती. पाहुण्यांनी हॉलमध्ये झोपावं.