पुढच्या घरी

मावशींनी आमचं दार कधी वाजवलं नाही. त्या ते कोपराने ढकलायच्या. हातात सतत काहीतरी असायचं: कालवणाचा डबा, चर्चमधून उरलेली फुलं, नाहीतर कुणाचं तरी बाळ. आत आल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी चहा ठेव, मग रड." समोरचा रडत असो वा नसो. एकदा मी म्हणालो, "मावशी, मी कुठे रडतोय?"

"मंग नुसता चहा ठेव."

तुमच्याही गल्लीत अशी एक बाई असेल. तिचं नाव रेशनकार्डावर असतं, तोंडात कुणाच्या नसतं. मागच्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या आमच्या मावशी मूळच्या नगरकडच्या. नवरा लवकर गेला, मूल झालं नाही. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये त्या रबरी वॉशरची जादा कड ब्लेडने कापायचं काम करत. बोटं काळी पडलेली. रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या उपासनेला येताना कितीही घासली तरी ख्रिस्तप्रसादासाठी पुढे केलेले ते हात काळेच दिसायचे.

आमच्या चाळीत आणि मागच्या गल्लीत मिळून काही कॅथलिक घरं आहेत. त्यांचा एक समूह. पात्रसभाऊ त्याचे प्रमुख, फोरमन म्हणून निवृत्त झालेले आणि घरीही फोरमनच राहिलेले. मी आणि ॲग्नेसने मूल दत्तक घ्यायचं ठरवलं तेव्हा माझ्या सख्ख्या भावाने माझा फोन घेणं बंद केलं. समूहाने मात्र आमचं घर स्वतःचं समजून उभं केलं. कुणी गादी दिली, कुणी छोटी खुर्ची. दत्तक संस्थेतून चौकशीला बाई येणार त्या दिवशी पात्रसभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून जिन्यात उभे. मावशी त्या बाईंना म्हणाल्या, "ह्यो माणूस जरा घाबरट हाय, पर वाईट न्हाई." माझ्याबद्दल याहून खरं कुणी बोललेलं नाही.

नंदा पाच वर्षांची होती. त्याआधी ती दोन संस्थांमध्ये राहिलेली. ऑक्टोबर सुरू झाला होता. आम्ही तिला घेऊन रिक्षातून उतरलो तर सगळा समूह कोपऱ्यावर हजर. मेणबत्त्या, झेंडूच्या माळा, गाणं. मावशींनी तिच्या गळ्यात माळ घातली आणि आम्ही तिला मिरवत घरी आणलं. तिने कुणाकडेच पाहिलं नाही. आम्हाला वाटलं, लाजते आहे.

ऑक्टोबर हा आमच्याकडे जपमाळेचा महिना. मरियामातेची एक मूर्ती रोज संध्याकाळी एका घरी नेतात. फूटभर उंचीची, नाकाचा टवका उडालेली. कोपऱ्यावरून मेणबत्त्या लावून, माळ घालून, गाणं म्हणत आणायची. त्या घरी एक रात्र ठेवायची. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा गाणं म्हणत पुढच्या घरी. मी लहानपणापासून हे पाहत आलो. त्यात काही भयंकर असू शकतं असं मला कधी वाटलं नाही.

नंदा आल्यावर चार-पाच दिवसांनी मूर्ती आमच्याकडे आली. नंदा रात्री बराच वेळ तिच्यासमोर बसून होती. दुसऱ्या संध्याकाळी लोक आले, जपमाळ झाली, पात्रसभाऊंनी मूर्ती उचलली आणि सगळे गात बाहेर पडले. नंदाने ॲग्नेसचा पदर ओढला.

"तिनं काय केलं?"

"कुणी गं?"

नंदाने बाहेर चाललेल्या मूर्तीकडे बोट दाखवलं. आम्ही त्या प्रश्नाचा विचार केला नाही.

त्यानंतर रोज दिवेलागणीला ती संस्थेतून आणलेली पिशवी भरायची. दोन फ्रॉक, कंगवा, तुटका पट्टा असलेल्या चपला. पिशवी मांडीवर घेऊन दाराशी बसायची. मला वाटलं, पोरीला फिरायला आवडतं. चाकणहून शिफ्ट करून आलो की मी तिला पिशवीसकट मोटरसायकलवर पुढे बसवायचो आणि एमआयडीसीतून एक चक्कर मारून आणायचो. ती लाकडासारखी ताठ बसायची. एकदा गाडीवरच तिला लघवी झाली. मी घरी येऊन ॲग्नेसला म्हणालो, "थंडी बाधली असेल." तिच्या लेखी रोज तिला कुठेतरी सोडून द्यायला नेणारा माणूस मी होतो, आणि त्या चकरेला मी लाड समजत होतो. कितीतरी पापनिवेदनांत मी हे सांगितलं आहे. फादर म्हणतात, हे पाप नाही. मला ते पटत नाही.

एका संध्याकाळी मावशी कोपराने दार ढकलत आल्या, तर दार नंदाच्या पिशवीला लागलं.

"कुठं निघालीस गं, पाव्हणे?"

"पुढच्या घरी," नंदा म्हणाली.

मावशी तिथेच उंबऱ्यावर बसल्या. चहाचं बोलल्या नाहीत. हातातला डबा कलंडून रस्सा साडीवर सांडत होता, तिकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. मग उठल्या आणि काही न सांगता गेल्या. परत आल्या त्या मूर्ती घेऊन. मूर्ती त्या दिवशी जिथे होती त्या घरून त्यांनी ती जपमाळ चालू असतानाच उचलली होती. मागोमाग पात्रसभाऊ आणि निम्मा समूह, हातात विझलेल्या मेणबत्त्या.

मावशींनी मूर्ती आमच्या कपाटावर ठेवली. "ही आता हितंच ऱ्हाईल."

"मावशी, असं चालत नाही," पात्रसभाऊ म्हणाले. "पुढची घरं वाट बघतायत."

"बघू द्या की."

"मूर्ती समूहाची आहे. फादरना विचारलं का?"

"फादरच्या घरी येक लेकरू आणून सोडा. पिशवी घिऊन दाराशी बसलं की मंग इचारते."

पात्रसभाऊ माझ्याकडे वळले. "भावा, तू तरी सांग." मी खाली पाहत राहिलो. मावशी म्हणाल्या तसा मी घाबरटच. बोलल्या त्या एकट्या, आणि बोलणीही त्यांनीच खाल्ली. उरलेला महिना मूर्तीऐवजी मरियामातेची तसबीर घरोघर फिरली. चर्चमधली फुलांची सेवा मावशींकडून काढून घेतली. मी त्यांच्याकडे जाऊन "माझ्यामुळे झालं" असं म्हणू लागलो तर त्यांनी हात उडवला. "घरोघर हिंडून तिचंबी पाय दुखलं आसतील. बसू दे."

नंदा काही लगेच बदलली नाही. पिशवी भरणं चालूच होतं. पण आता ती आधी कपाटाकडे बघायची. मूर्ती आहे ना, बघायची आणि मग दाराशी बसायची. मावशी रोज कामावरून येऊन तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसायच्या, अंधार पडेपर्यंत. दत्तकाचा आदेश हातात आला त्या दिवशीही नंदा पिशवी घेऊन बसलेली होती. पिशवी कधी सुटली ते नेमकं सांगता येणार नाही. एक दिवस ॲग्नेसला ती धुण्याच्या कपड्यांत सापडली, एवढंच.

पुढच्या वर्षी समूहाने नवी मूर्ती आणली. मावशी नंदाच्या धर्ममाता झाल्या. पात्रसभाऊ बाप्तिस्म्याला आले, पण मावशींशी बोलले नाहीत.

यंदा मावशींना घशाखाली घास उतरेना. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. शेवटी त्या आपल्या खोलीत पडून असायच्या, आवाजही गेला होता. एका संध्याकाळी नंदा खुर्चीवर चढली आणि तिने कपाटावरची मूर्ती काढली.

मी म्हणालो, "अगं, कुठे नेतेस?"

"मावशीकडं. तिथं कोण नाही."

नऊ वर्षांची झालेली आमची पोर मूर्ती छातीशी धरून गल्लीतून गेली आणि तिने मावशींचं दार कोपराने ढकललं. मावशींनी मूर्ती पाहून हाताने खूण केली: परत ने. नंदाने ऐकलं नाही. मूर्ती उशाशी ठेवली. त्याच आठवड्यात मावशी गेल्या.

शवपेटीला पहिला खांदा पात्रसभाऊंनी दिला. दफनभूमीतून आम्ही परतलो तोवर गावाहून आलेल्या पुतण्याने खोली रिकामी केली होती, सामान टेम्पोत भरून तो निघूनही गेला होता. भिंतीत खिळा होता आणि ओट्यावर चहाचं पातेलं. मूर्ती नव्हती. पात्रसभाऊंनी तिथूनच पुतण्याला फोन लावला. फोन ठेवून ते मला म्हणाले, "कुणाला तरी देऊन टाकली म्हणतो. वाटेतल्या एका घरी."

नंदा माझ्या मागेच उभी होती. तिने ते ऐकलं.

आम्ही घरी आलो. दिवेलागण झाली. मी आतून बाहेर आलो तर ती दाराशी बसलेली. मी आधी तिच्या मांडीकडे पाहिलं. पिशवी नव्हती.

"कुठं निघालीस गं?" मी विचारलं.

"कुठं नाही. कडी काढून ठेवली," नंदा म्हणाली. "मावशीचे हात भरलेले असतात ना."

मी तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसलो. अंधार पडला. आत ॲग्नेसने चहा ठेवला होता. दार आम्ही लोटून ठेवलं होतं, कोपराचा धक्का लागला तरी उघडेल इतपत.