मातीतली लेन्स

लेन्सच्या पाण्याचा वास आला की पनवेलच्या एसटी स्टँडजवळचं ते चष्म्याचं दुकान आठवतं. कॉलेजच्या कबड्डी संघात माझी निवड झाली होती, पण मैदानात चष्मा चालत नव्हता, म्हणून वडील मला तिथे घेऊन गेले. कडक लेन्स टोचत होती, मऊ लेन्स बोटालाच चिकटत होती. तासाभरात डोळे लालभडक झाले. "अगं, डोळा मिटू नकोस!" वडील वैतागले. "मुद्दाम मिटतेय का मी?" मी रडकुंडीला आले होते. शेवटी मऊ लेन्स एकदाची बसली आणि रस्त्यापलीकडची पाटीसुद्धा लख्ख दिसली. तेवढ्यात दुकानदाराने विचारलं, "कशासाठी हवीय?" कबड्डी म्हटल्यावर तो म्हणाला, "मातीत? मग नकोच. धूळ गेली तर डोळ्याला इजा होईल." मी संघातून नाव काढून घेतलं. इतक्या वर्षांनीही राग येतो, हे त्याने आधीच का नाही विचारलं?