आमचं निरोपांचं ऑफिस

किस्से साठायला ऑफिस लहान असावं लागतं. मोठ्या ऑफिसात एका मजल्यावर काही घडलं तर दुसऱ्या मजल्यावर त्याची नुसती बातमी पोचते. आमचं ऑफिस म्हणजे ठाण्यात नौपाड्याला, साठे सरांच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटची पुढची खोली. कोणी शिंकलं तरी सगळ्यांना हजर राहावं लागायचं! नव्वदचं दशक संपत आलेलं. आम्ही तिघं प्रोग्रामर, म्हणजे मी, विलास नाखवा आणि पुष्पा पाटील, आणि आमचे साठे सर. अजूनही आम्ही भेटलो आणि कोणी "ए, ते आठवतं का?" म्हणालं, की पुढ्यातला चहा गार होतो.

कामाचं थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. डोंबिवलीला मानपाड्याजवळ एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल बनवणारा एक कारखाना होता. गेटवर एक कॉम्प्युटर, लॅबमध्ये दुसरा, आणि कोपर स्टेशनजवळच्या गोडाऊनमध्ये तिसरा. तिघांचा एकमेकांशी अबोला! मध्ये बसून इकडचा निरोप तिकडे देणारा एक तयार प्रोग्राम तेव्हा नवाच मिळायला लागलेला. त्याला म्हणायचे मेसेज ब्रोकर. सरांनी फळ्यावर कारखान्याचं चित्र काढलेलं: काय घडलं की कोणाला कळलं पाहिजे. त्या चित्राची आणि या ब्रोकरची गाठ घालायची, एवढंच आमचं काम.

* * *

हे "एवढंच" घरी समजावताना सगळ्यांची वाट लागली.

विलास चेंदणी कोळीवाड्यातला. त्याची आई बाजारात मासळी घेऊन बसायची. कोळीवाड्यातला हा पहिला इंजिनीअर, त्यामुळे तिला मोठं कौतुक. एकदा तिने विचारलं, "बाला, तू करतस तरी काय रं त्या हापिसान?"

विलास म्हणाला, "आये, मी ब्रोकर बसवतो. याच्याकडचं त्याच्याकडे पोचवायचं."

"म्हंजे दलाल?"

"तसंच समज."

तिने हातातला कोयता खाली ठेवला. "रोज सकाली बंदरावं एवढं दलाल बघतंय मी. त्यातला एक तरी कॉलेजान गेल्ता का?"

* * *

पुष्पाचं तर याहून भारी. ती मानपाड्याची, आगरी घरातली. तिला बघायला पाहुणे आलेले. मुलाच्या मामांनी विचारलं, "मुलगी करते काय?" तिचे वडील छाती फुगवून म्हणाले, "ब्रोकर हाय ती! कॉम्प्युटरवाली!"

मामा एकदम पुढे सरकले. "मंग आमच्या भाच्याला दिवा टेशनापाशी एक खोली बघून द्याल का? भाडं कमी, आणि पानी येनारी."

वडिलांचा चेहरा पडला. पण पुष्पाने चहाचा कप मामांच्या हातात दिला आणि म्हणाली, "दिव्याला पाणी येणारी खोली? मामा, त्यापेक्षा दुसरं काहीही मागा!"

अख्खी बैठक हसली. लग्न काही जमलं नाही. खोली मात्र पुष्पाने ओळखीत बघून दिली. डोंबिवलीलाच, नळाला पाणी असलेली. मामा अजून तिच्याकडे दर मे महिन्यात आंबे पाठवतात!

* * *

सरांचं एक तत्त्व होतं. ते फळ्यासमोर उभे राहून शुद्ध मराठीत सांगायचे, "या पद्धतीत कोणी कोणाला हुकूम सोडत नाही. जे घडलं ते फक्त जाहीर करायचं. ज्याचा त्याच्याशी संबंध आहे, तो आपण होऊन कामाला लागेल."

विलासला हे पटेना. "पण सर, सांगितल्याशिवाय कोण काम करतं?"

तेवढ्यात आतून वहिनींचा, म्हणजे सरांच्या बायकोचा आवाज आला, "पोळ्या झाल्याऽ!"

विलास हात धुवायला पळाला. मी डबे उघडले. पुष्पाने कीबोर्ड बाजूला सारून टेबलावर पेपर पसरला. सर तर आनंदाने ओरडलेच, "बघा! बघा! ती कोणाला काही म्हणाली का? तिने फक्त इव्हेंट जाहीर केला!"

वहिनी पोळ्यांचं ताट घेऊन दारात उभ्या. म्हणाल्या, "अस्सं होय! मग जेवणं झाली की 'भांडी पडली' असं जाहीर करते. बघू या कोणाचा संबंध आहे ते."

जेवणं झाली. वहिनींनी खरंच जाहीर केलं. आम्ही तिघं एकदम आपापल्या स्क्रीनकडे वळलो. मग सर उठले, बाह्या सरसावल्या आणि मोरीत जाऊन बसले. थोड्या वेळाने आतून त्यांचा आवाज आला, "मॉडेल बरोबर आहे!"

त्या दिवसापासून दुपारची भांडी सरांकडे लागली, ती कायमची.

* * *

कारखान्याची लॅब सांभाळायच्या देसाई मॅडम. रिटायरमेंटला आलेल्या, एकट्या राहणाऱ्या, बोलायला अगदी मोजक्या. आम्ही लॅबमध्ये गेलो तर मान वर न करता "हं, बोला" म्हणायच्या.

कारखान्याशी जोडलेली लाइन चालू आहे ना, हे बघायला आम्ही रोज दुपारी ठाण्याहून एक टेस्ट मेसेज सोडायचो. तो आमच्याच दुसऱ्या मशीनवर परत यायला हवा. आता सारखं "टेस्ट, टेस्ट" काय लिहायचं, म्हणून विलासने त्यात रोमन लिपीत लिहून ठेवलेलं, "जेवलीस का?" आणि पत्त्यांच्या यादीत कुठेतरी एक जास्तीचा पत्ता पडला. तो मेसेज आमच्याकडे परत यायचाच, शिवाय रोज एक वाजता देसाई मॅडमच्या स्क्रीनवर!

आम्हाला पत्ताच नाही. एके दिवशी बोलता बोलता मॅडमच पुष्पाला म्हणाल्या, "तुमच्या ऑफिसातून रोज मला एक निरोप येतो."

पुष्पाने तिथेच तपासलं. विलासचा टेस्ट मेसेज! "सॉरी मॅडम! चुकून होतंय ते. आज बंद करते."

मॅडम परीक्षानळीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "असू दे की. मी डबा उघडते त्यामुळे वेळेवर. एरवी राहून जायचं."

पुष्पाने ऑफिसात येऊन हे सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "टेस्ट मेसेज दुसरा करा. हा आता टेस्ट नाही."

पुढे मॅडम रिटायर होईपर्यंत तो मेसेज चालू होता. फक्त विलासने त्यात एक बदल केला. "जेवलीस का?" चं "जेवलात का?" केलं!

* * *

आमच्या डोंबिवलीच्या घरी तेव्हा फोन नव्हता. निरोप शेजारच्या जोशी काकूंकडे द्यायचा. काकू म्हणजे प्रेमळ बाई, पण निरोप जसाच्या तसा द्यायचा म्हणजे त्यांना तो अळणी वाटायचा.

एका संध्याकाळी मी फोन केला, "काकू, बाबांना सांगा, लाइन खराब झालीय, म्हणून मी ऑफिसात थांबलेय."

काकूंनी भिंतीपलीकडे सांगितलं, "मेधाची तब्येत खराब झालीय, म्हणून ती ऑफिसात पडून आहे!"

तासाभराने ऑफिसच्या दारात माझे बाबा. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात माझा स्वेटर, आणि चेहरा पांढराफटक. मी टेबलाखाली वाकून वायर शोधत होते. ते मला तसं बघून आणखीच घाबरले. "अगं, खाली का पडलीस?"

सगळा उलगडा झाल्यावर आम्ही हसून हसून लोटपोट. बाबा हसले नाहीत. खुर्चीवर बसले. माझ्या कपाळाला हात लावून बघितला, एकदा नाही, दोनदा. मग थर्मासातलं हळदीचं दूध झाकणात ओतलं.

मी म्हटलं, "बाबा, निरोपच चुकीचा होता हो!"

"असेना," ते म्हणाले. "मी तर बरोबर जागी पोचलो ना? पी."

बरी असून मी ते सगळं दूध प्याले.

* * *

आमची खरी फाटली ती एकदाच.

सगळं सुरळीत चालू झालेलं. त्या दिवशी पुष्पा लॅबमध्ये होती. सकाळी देसाई मॅडमनी एका मालाला "पास" दिलं आणि तसा निरोप कोपरच्या गोडाऊनला गेला. दुपारी मॅडमना कसलीशी शंका आली. त्यांनी परत तपासलं. मालात भेसळ! तो पुढे औषध बनवणाऱ्यांकडे जायचा होता. मॅडमनी ताबडतोब दुसरा निरोप सोडला, "माल थांबवा."

निरोप जाईना. बाहेर रस्त्यावर कोणीतरी खोदताना केबल तोडलेली. ब्रोकर बिचारा शहाण्यासारखा निरोप जपून बसलेला, लाइन आली की देतो म्हणून. लाइन कधी येणार? आणि फोनही त्याच केबलवर, तोही मेलेला! सकाळचा "पास" मात्र कोपरला पोचलेला.

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. "पाटील, चारला तिकडून टेम्पो सुटतो गं."

पुष्पाने पर्स उचलली. गेटवर कामाला असलेल्या तिच्या चुलतभावाची लूना तिथे उभी असायची, ती काढली आणि निघाली. मध्ये रेल्वेचं फाटक बंद. तिने लूना तिथेच एका पानवाल्याच्या हवाली केली, पुलावरून पलीकडे गेली आणि तिथून साडी खोचून धावत सुटली.

गोडाऊनमध्ये टेम्पोची मागची फळी लावत होते. पुष्पा त्या फळीला धरूनच उभी राहिली. तिला बोलताही येईना. "थांबवा... हा माल... फेल आहे."

गोडाऊन सांभाळणारे घरत तिच्या ओळखीचे, पण नियमाला पक्के. ते आत जाऊन स्क्रीन बघून आले. "असा मेसेज नाय आला ताई. सकालचा पास हाय. मेसेज आल्याबिगर मी माल कसा थांबवू?"

तेव्हा पुष्पाची ऑफिसातली भाषा सुटली आणि घरातली बाहेर आली. "आरं, मी एवरी धावत कशाला आयलू? मीच हाय मेसेज! घे उतरवून!"

घरतांनी तिच्याकडे बघितलं. एका पायात चप्पल होती, दुसऱ्या पायात नव्हती. त्यांनी फळी उघडली.

लाइन संध्याकाळी आली. गोडाऊनच्या स्क्रीनवर "माल थांबवा" उमटलं, तेव्हा पुष्पा त्याच थांबवलेल्या मालाच्या पिंपावर बसून चहा पीत होती. घरत म्हणाले, "ताई, तुमचा धाकटा भाऊ आला बघा मागून!"

* * *

आता तात्यांचा. हा मी नेहमी शेवटी सांगते.

तात्या म्हणजे सरांचे वडील. ऐंशीच्या पुढचे. सकाळी पेपर घेऊन आमच्या खोलीत खिडकीशी येऊन बसायचे. तरुणपणी ते कल्याणच्या तार ऑफिसात होते. एकदा पुष्पाने सरांना विचारलं, "सर, हा ब्रोकर मेसेज पोचवतो, तर आतला मजकूर पण वाचतो का?"

सरांच्या आधी तात्याच बोलले. "वाचतो. पण वाचलेलं नसतं."

आम्ही खुर्च्या वळवल्या.

तात्यांची बायको बाळंतपणाला माहेरी, कोकणात गेलेली. आधीचं एक मूल जन्मतःच गेलेलं, त्यामुळे तात्यांना घास उतरत नव्हता. तरी ड्यूटीवर बसलेले. यंत्र कडकट्ट वाजायला लागलं. कडकट्ट ऐकायचं आणि एकेक अक्षर कागदावर उतरवायचं, हे काम. तात्या उतरवत गेले. आधी पत्ता आला. तो त्यांच्याच घरचा होता!

"मग?" विलास म्हणाला.

"मग काय? मजकूर एकेक अक्षरच येणार की रे. पुढचं अक्षर येईपर्यंत मी श्वास घेतला नाही." मुलगा झाला, दोघंही सुखरूप, असा मजकूर होता. तात्यांनी तो सगळा उतरवला. अक्षर कुठे हललं नाही. तार पोचल्याची पावती मागे पाठवली, कागद पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं आणि तारवाल्याच्या गठ्ठ्यात ठेवून दिलं. शेजारचा सहकारी म्हणाला, "साठे, बरं वाटत नाही का?" तर म्हणाले, "छे, ठीक आहे."

"अहो, पण त्याला सांगायचं ना!" मी म्हटलं.

"तार ज्याची त्याने हातात घेऊन उघडल्याशिवाय तिच्यातलं बोलायचं नाही, अशी शपथ होती बाळ."

ड्यूटी संपली. तात्या चालत घरी आले आणि चाळीच्या पायरीवर बसून राहिले. तारवाला गणपत सायकलवरून गावभर फिरून उन्हं उतरताना आला. तार म्हटलं की वाईट बातमीच, अशी तेव्हा समजूत. सगळी चाळ गॅलरीत येऊन उभी राहिली. बायकांनी पदर तोंडाला लावले.

गणपतने सायकल भिंतीला टेकवली. पाकीट पुढे केलं. बघतो तर तात्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी! सही करताना सुद्धा थांबेना.

गणपतने डोक्यावरची टोपी काढली. त्याने हळूच विचारलं, "तात्या, वाईट काही आहे का हो आत?"

तात्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले.

"मला काय माहीत?" ते म्हणाले. "अजून उघडली कुठे!"